नववीच्या वर्गात परराष्ट्र धोरण: अभिरूप वाटाघाटी कशा घडवाव्यात?

खडूफळा

नमस्कार. मी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्राच्या पुस्तकात परराष्ट्र धोरणाची वाटचाल, संयुक्त राष्ट्रे, शेजारी देशांशी संबंध असे सगळे आहे. मुले पंचशीलाची पाच तत्त्वे घडाघडा म्हणून दाखवतात. पण २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत युक्रेनविषयीच्या ठरावावर १४१ देशांनी बाजूने, ५ देशांनी विरोधात मत दिले आणि भारतासह ३५ देश तटस्थ राहिले, तर भारत तटस्थ का राहिला असावा, असे विचारले की वर्ग एकदम गप्प होतो.

म्हणून गेल्या वर्षी मी वर्गातच संयुक्त राष्ट्रांची अभिरूप, म्हणजे मुलांनीच देशांच्या भूमिका घेऊन चालवलेली, सुरक्षा परिषद भरवली. पंधरा देशांचे पंधरा गट केले आणि परिषदेचा विस्तार हा विषय दिला. झाले असे की प्रत्येक गटाने ‘आदरणीय व्यासपीठ’ अशी सुरुवात करून वक्तृत्व स्पर्धेतले भाषण ठोकले, आणि तास संपायच्या आत चीनसह सर्व देशांनी भारताला स्थायी सदस्यत्व बहाल केले. टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनी छायाचित्र काढून पालकांच्या गटावर टाकले. मला मात्र आपण दोन आठवडे मुलांकडून एक नाटुकले बसवून घेतले, एवढेच वाटत राहिले.

यंदा पुन्हा प्रयत्न करायचा आहे. वर्गात ५८ मुले आहेत, तास ३५ मिनिटांचा आहे आणि बाके जमिनीला खिळलेली आहेत. विषय कोणता घ्यावा, दुसऱ्या देशाची बाजू मुलांकडून मनापासून कशी मांडून घ्यावी आणि गुण कशाला द्यावेत, याविषयी ज्यांनी असे काही केले आहे किंवा ज्यांच्यावर ते झाले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

शंकासुर

चीनने नकाराधिकार न वापरता भारताला स्थायी सदस्यत्व दिले, हे ऐकून ऊर भरून आला. हा ठराव न्यूयॉर्कला कळवला का?

कसबेकर_मास्तर

बाई, मी तीस वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. तुमच्या चीनच्या गटात बसलेल्या मुलाला चीन म्हणून काय हवे आहे, हे कोणी सांगितले होते का? सर्व गटांनी एकच पुस्तक वाचले आणि ते पुस्तक भारताच्या बाजूने लिहिलेले आहे. मग पंधरा तोंडांतून एकच भाषण निघाले, यात मुलांचा दोष नाही.

आपल्याकडे पेशवाईत ‘वकील’ हा शब्द कोर्टातल्या माणसासाठी नव्हता, परक्या दरबारात बसणाऱ्या प्रतिनिधीसाठी होता. हा वकील स्वतःच्या मनाने बोलत नसे. काय मागायचे, कुठवर ताणायचे आणि काय काही झाले तरी सोडायचे नाही, याच्या सूचना त्याला पुण्याहून मिळत, आणि दरबारात जे घडले त्याचा सविस्तर मजकूर त्याला पुण्याला लिहून पाठवावा लागे. या दोन गोष्टी वर्गात आणा. प्रत्येक गटाला बंद पाकिटात वेगळ्या सूचना द्या, ज्या दुसऱ्या गटाला दिसणार नाहीत. आणि वाटाघाटी संपल्यावर प्रत्येक मुलाकडून आपल्या सरकारला उद्देशून पत्र लिहून घ्या. मी स्वतः हे मराठे आणि इंग्रज यांच्यातील सालबाईच्या तहावर करून पाहिले आहे. १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला, पण नाना फडणवीसांनी त्याला मान्यता द्यायला १७८३ साल उजाडू दिले, कारण इंग्रजांविरुद्ध म्हैसूरचा हैदरअली त्यांच्या बरोबर होता आणि तो डिसेंबर १७८२ मध्ये वारला. ‘तह तर झाला होता, मग नाना थांबले का?’ या एका प्रश्नावर माझा वर्ग दोन तास भांडला होता.

तिसरा_बाक

मास्तर, सालबाई उत्तम आहे, पण चुकूनही पुरंदरचा तह घेऊ नका. आमच्या शाळेत घेतला होता. मिर्झाराजे जयसिंग व्हायला एकही मुलगा तयार होईना, शेवटी नव्याने शाळेत आलेल्या एका बिचाऱ्याला उभे केले. शिवाजी महाराजांच्या गटाने २३ किल्ले द्यायचे होते. त्यांनी एकही किल्ला द्यायला नकार दिला आणि वर्गाने जयघोष केला. १६६५ साली आमच्या वर्गात तह झालाच नाही.

मुळाकाठ

मी शाळेत आणि महाविद्यालयात असताना संयुक्त राष्ट्रांच्या बऱ्याच अभिरूप परिषदांना गेलो आहे, म्हणून त्यांच्या बाजूनेही कोणी बोलावे असे वाटते. कामकाजाचे नियम, ठरावाचा मसुदा, दुरुस्ती, पाठिंबा देणारे देश जमवणे हे सगळे मी तिथेच शिकलो. पंधरापैकी नऊ मते मिळाली तरी एका स्थायी सदस्याच्या विरोधाने ठराव पडतो, हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण दोन दिवस राबून जमवलेला ठराव डोळ्यांसमोर पडताना पाहिल्यावर ती ओळ विसरता येत नाही.

तरीही दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. या परिषदा बहुतेक इंग्रजीत चालतात, प्रवेशशुल्क घेतात आणि कोट-टाय असलेल्या मुलांसाठी असतात. दुसरे म्हणजे ‘सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी’ या बक्षिसाने सगळा खेळ बिघडतो. बक्षीस बोलणाऱ्याला मिळते, त्यामुळे ज्या देशाच्या हिताचे गप्प बसणे आहे त्या देशाचा प्रतिनिधीही उठून बोलत राहतो. एकदा माझ्याकडे एका लहान बेटाचे प्रतिनिधित्व होते आणि मी अण्वस्त्रांवर अकरा वेळा भाषण केले. बक्षीस मलाच मिळाले, याची आज लाज वाटते.

एक_पालक

इथे सगळे आनंदाने लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझी मुलगी आठवीत असताना तिच्या शाळेत सिंधू पाणीवाटपावर असाच उपक्रम झाला आणि तिच्या वाट्याला पाकिस्तानची बाजू आली. ती हुशार आहे, तिने अभ्यास केला. भारत-पाकिस्तान करारानुसार सिंधू, झेलम आणि चिनाब या नद्यांचे पाणी मुख्यतः पाकिस्तानकडे जाते, आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्याला वरच्या अंगाच्या धरणाची भीती का वाटते, हे तिने नीट मांडले. त्यानंतर महिनाभर वर्गातली मुले तिला त्या देशाच्या नावाने हाक मारत होती. बाईंना सांगितले, तर त्यांनी ‘मुले आहेत, विसरतील’ असे उत्तर दिले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो करार स्थगित ठेवल्यानंतर पुन्हा तेच सुरू झाले. मोठ्यांना बातम्यांच्या वाहिन्यांवर जे जमत नाही, ते चौदा वर्षांच्या मुलीकडून करून घेण्याआधी तिच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचा विचार शिक्षकांनी केला पाहिजे.

खडूफळा

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी थांबले. गेल्या वर्षी माझ्या वर्गात चीनने भारताला मत दिले, त्यामागे हीच भीती असेल, हे मला सुचलेच नव्हते. त्या मुलाला चीनचे हित कळत नव्हते असे मी धरून चालले होते. कदाचित त्याला ते चांगले कळत होते आणि मधल्या सुट्टीचेही कळत होते.

ओरखडा

माझे मत थोडे कडू आहे. मला हा प्रकारच मुळात फसवा वाटतो. अभिरूप वाटाघाटींतून मुले जे शिकतात ते बहुतेक चुकीचे असते: की देश म्हणजे एक माणूस असतो, की चार जण टेबलाभोवती बसले म्हणजे तोडगा निघतो आणि तो घंटा होण्याआधी निघतो. सिंधू कराराचेच उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने बोलणी १९५२ मध्ये सुरू झाली आणि सही कराचीत १९ सप्टेंबर १९६० रोजी झाली. सुरुवातीची कल्पना संपूर्ण खोऱ्याचा दोन्ही देशांनी एकत्रित विकास करावा अशी होती. ती टिकली नाही आणि शेवटी नद्याच वाटून घेतल्या गेल्या. ही आठ वर्षे अभियंते, नकाशे, कालव्यांचे हिशेब आणि पैशांची जुळवाजुळव यांत गेली. ते ३५ मिनिटांत कसे दाखवणार? त्यापेक्षा कराराचे एक कलम फळ्यावर लिहावे आणि त्यातला प्रत्येक शब्द तिथे का आहे, हे तासभर विचारावे. माझ्या मते त्यातून जास्त हाती लागेल.

मुळाकाठ

ओरखडा यांचा आक्षेप योग्य आहे, पण त्याचे टोक दुसरीकडे वळते असे मला वाटते. प्रयोगशाळेतला लंबकही खऱ्या घड्याळासारखा नसतो, म्हणून आपण तो टाकून देत नाही. शिवाय अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅरॉल्ड गेट्झको यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराची जी अभिरूप रचना केली, तिच्यात एका देशातही निर्णय घेणारे वेगवेगळे होते आणि त्यांना आपली सत्ता टिकवण्याची चिंता होती. म्हणजे ‘देश म्हणजे एक माणूस’ ही चूक टाळण्याचा विचार या पद्धतीच्या सुरुवातीपासूनच झालेला आहे. आपण शाळेत तेवढा भाग गाळतो आणि भाषणे ठेवतो.

तिसरा_बाक

आमच्या एका सरांनी क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेचप्रसंग घेतला होता. ऑक्टोबर १९६२ मधील तेरा दिवसांचे त्यांनी पाच तास केले. सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव यांचे २६ तारखेचे मवाळ पत्र त्यांनी तास सुरू होताना दिले आणि तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे हटवण्याची मागणी करणारे २७ तारखेचे पत्र दहा मिनिटांनी आत पाठवले. आता कोणत्या पत्राला उत्तर द्यायचे, यावर आमचा ‘व्हाइट हाउस’चा गट अक्षरशः हमरीतुमरीवर आला. पण दुसऱ्या गटातल्या एकाने घरी जाऊन शेवट वाचला होता. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना सांगितले की तुर्कस्तानची क्षेपणास्त्रे गुपचूप काढायचे कबूल करून टाका, मिटले. उरलेले तीन तास आम्ही उत्तर माहीत असलेले गणित सोडवत बसलो.

कसबेकर_मास्तर

त्याच ऑक्टोबरच्या २० तारखेला चीनने आपल्यावर आक्रमण केले आणि महिन्याभरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकले. पण १९७४ पासून १९७७ पर्यंत ते परराष्ट्रमंत्रीही होते, हे माझ्या वर्गात क्वचितच एखाद्याला ठाऊक असे. साउथ ब्लॉकमधला, म्हणजे संरक्षण आणि परराष्ट्र मंत्रालयांतला, मराठी माणूस आपल्याला फक्त युद्धाच्या वेळी आठवतो.

शंकासुर

मास्तर, आपण विषयाच्या हद्दीबाहेर गेला आहात, तरी आपल्या सरकारशी सल्लामसलत करून परत यावे.

नदीखोरे

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. बाईंना माझी सूचना अशी की विषय भारत आणि बांगलादेश यांच्यातील गंगेच्या पाणीवाटपाचा घ्यावा. तो सिंधूइतका तापलेला नाही, तरी खरा आहे, आणि त्याचा शेवट कोणालाही शोधून सापडणार नाही, कारण तो अजून घडायचा आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी दोन्ही देशांचे तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सही केलेल्या कराराची मुदत ३० वर्षांची आहे, म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये ती संपते.

त्यातले गणित नववीच्या मुलाला सहज झेपते. १ जानेवारी ते ३१ मे या काळात पश्चिम बंगालमधील फराक्का येथे दर दहा दिवसांचा प्रवाह मोजतात. तो ७०,००० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) किंवा कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशला. टंचाईच्या आठवड्यांत दोघांना आळीपाळीने दहा-दहा दिवस ३५,००० ची हमी आहे. म्हणजे नदीत ६०,००० च असतील तर ज्याची पाळी नाही त्याच्या हाती २५,००० उरतात. आणि प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब एकत्र बसायचे आहे. वर्गात प्रत्येक फेरीला प्रवाहाचे एक कार्ड उघडा: ८०,०००, ७२,०००, ६०,०००, ४८,०००. पहिल्या कार्डाला सगळे सज्जन असतात. चौथ्या कार्डाला ‘आदरणीय व्यासपीठ’ कोणी म्हणणार नाही, याची हमी मी देतो.

मात्र दोनच गट करू नका. तिसरा गट कोलकात्याचा हवा. फराक्काचा बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला तो हुगळीतला गाळ वाहून जाऊन कोलकाता बंदर टिकावे म्हणून. १९९६ मध्ये पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी करार होण्यासाठी मदत केली. सप्टेंबर २०११ मध्ये तिस्ता नदीच्या पाणीवाटपाच्या वेळी तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी पंतप्रधानांबरोबर ढाक्याला जायला नकार दिला आणि तो करार आजवर झालेला नाही. राज्यघटनेप्रमाणे परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे आहे आणि पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. हा ताण वर्गात आला नाही, तर जे शिकवले ते परराष्ट्र धोरण नव्हे, शेजाऱ्यांचे भांडण होईल.

एक_पालक

ढाक्याचा गट कोण होणार?

नदीखोरे

प्रश्न रास्त आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि त्या सगळ्यांसमोर टाकाव्यात, म्हणजे बाजू निवडलेली नाही हे उघड असेल. शिवाय अर्ध्यावर बाजू बदलाव्यात. जो दोन दिवस दिल्लीकडून बोलला, त्याला तिसऱ्या दिवशी ढाक्याकडून बोलायचे आहे, हे आधीच जाहीर असले की चिडवणाऱ्याची जीभ जरा आखडते. सुरुवात म्हणून एक तास घरचेच पाणी घ्यावे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). एका गटाने पुणे शहर व्हावे आणि दुसऱ्याने कालव्यावर शेती करणारे दौंड-इंदापूर. उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठीची पाण्याची पाळी, कधी सोडायचे, हे ठरवावे. आपल्या गावाच्या विरुद्ध बाजू मांडून पाहिली की परक्या देशाची बाजू मांडणे म्हणजे देशद्रोह नव्हे, हे न सांगता कळते.

शंकासुर

आमच्या सोसायटीत टँकरच्या पैशांवरून ए आणि बी इमारतींत बोलणी चालू आहेत. २०१९ पासून. जागतिक बँकेचा पत्ता कोणाकडे असल्यास द्यावा.

ओरखडा

नदीखोरे यांच्या प्रतिसादानंतर माझा विरोध थोडा सैल झाला आहे, कारण यात कराराचे कलमही वाचले जाते. फक्त एक अट घालावीशी वाटते. ‘करार झाला तर यश’ असे मुलांना सांगू नका. करार न करणे हेही धोरण असते. आणि खेळ झाल्यावर तितकाच वेळ बोलण्यासाठी ठेवा. खेळाला तीन तास आणि चर्चेला उरलेली पाच मिनिटे, असे बहुतेक शाळांत होते, आणि मग मुलांच्या लक्षात कोण कोणावर ओरडले एवढेच राहते.

कसबेकर_मास्तर

गुणांचे राहिले. भाषणाला शून्य गुण ठेवा आणि सगळे गुण त्या घरी लिहिलेल्या पत्राला द्या. पत्रात तीन गोष्टी हव्यात: काय मागायला गेलो होतो, काय सोडून आलो, आणि जे सोडले त्याबद्दल आपल्या लोकांना काय सांगायचे. ५८ मुलांपैकी चाळीस जण वर्गात बोलणारच नाहीत. पत्र मात्र प्रत्येकाचे येते, आणि न बोलणाऱ्यांनी काय पाहिले ते त्यातच कळते.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

एकूण सहा तास लागले. पहिला तास पुणे आणि इंदापूर यांचा झाला आणि शहराच्या गटाने ‘तुम्ही ऊस लावता कशाला?’ असे विचारल्यावर तो जवळजवळ हाताबाहेर गेला. इंदापूरकडे आजोळ असलेली दोन मुले शहराच्या गटात होती, ती आपल्याच गटावर उलटली. नंतर चिठ्ठ्या टाकून दिल्ली, ढाका आणि कोलकाता असे गट केले. बाके हलवता येत नसल्याने कोलकात्याला व्हरांड्यात बसवले. दहा मुलांना वार्ताहर केले आणि त्यांना पाकिटातल्या सूचना फोडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य दिले, हा माझा मूर्खपणा होता. पहिल्याच दिवशी दिल्लीच्या सूचना फळ्यावर आल्या.

८०,००० च्या कार्डाला सगळे हसत होते. ६०,००० ला ढाक्याच्या गटातील एका मुलीने, जी वर्षभरात माझ्या तासाला एकदाही बोललेली नव्हती, वहीत दहा-दहा दिवसांचा तक्ता मांडून दाखवून दिले की ‘आळीपाळीने’ या शब्दात पहिली पाळी कोणाची, यावर एप्रिलचे सगळे पीक अवलंबून आहे. दिल्लीच्या गटाला उत्तर देता आले नाही. ४८,००० चे कार्ड उघडले तेव्हा घंटा झाली आणि मुलांनी गणिताच्या सरांकडे पुढचा तास मागितला. सरांनी तो दिला नाही. सार्वभौम देश आहेत ते.

तिसऱ्या दिवशी बाजू बदलल्या. एक_पालक ताईंसाठी लिहिते: एका मुलाने मधल्या सुट्टीत एकाला ‘ढाका’ अशी हाक मारली, तेव्हा त्याने ‘उद्या तू आहेस’ एवढेच उत्तर दिले आणि विषय तिथेच संपला. हे पाकिस्तानच्या बाबतीत इतके सहज झाले असते, असा माझा दावा नाही.

चर्चेला दोन पूर्ण तास ठेवले. करार झाला नाही. दिल्ली आणि ढाका यांचा मसुदा तयार होता, पण शेवटच्या बैठकीला कोलकात्याचा गट व्हरांड्यातून आत आलाच नाही. मला वाटले मुले कंटाळली असतील. पत्रे तपासताना त्यांच्यातल्या एकाचे पत्र वाचले. त्याने लिहिले होते: ‘करारावर आमची सही लागत नाही, हे आम्हाला माहीत होते. आत बसून नाही म्हटले असते तर ते पुढे गेले असते. म्हणून आम्ही गेलोच नाही, आणि ते थांबले.’ २०११ ची गोष्ट मी वर्गात सांगितलेली नव्हती.

नदीखोरे

त्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत. आणि त्या मुलीचा तक्ता शक्य असल्यास इथे चढवावा. पहिल्या पाळीचा हिशेब तिने कसा केला, ते मला तपासून पाहायचे आहे.